हत्तीची किंमत आणि चाऱ्याचा हिशेब

आग्र्याच्या हवाई तळावर २००३ मध्ये इल्युशिन-७८ जातीची टँकर विमाने दाखल होऊ लागली, तेव्हा भारतीय वायुदलाच्या इतिहासातील एका नव्या पर्वाचा तो आरंभ होता. उडत्या लढाऊ विमानाला आकाशातच इंधन पुरविणाऱ्या या सहा विमानांमुळे आपल्या लढाऊ ताफ्याचा पल्ला एकाएकी वाढला. त्यानंतर चौदा वर्षांनी, २०१७ मध्ये, नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा अहवाल संसदेपुढे आला. या विमानांपैकी किमान ७० टक्के विमाने कोणत्याही क्षणी उड्डाणास सज्ज असणे अपेक्षित होते. २०१० ते २०१६ या काळातील प्रत्यक्ष सरासरी होती ४९ टक्के. सहा विमानांचे पैसे मोजले, आकाशात जाऊ शकत होती जेमतेम तीन.

या कथेचा दुसरा अध्याय अधिक बोलका आहे. वायुदलाने आणखी सहा टँकर मागितले. युरोपातील एअरबस कंपनीचे ए-३३० हे दोन इंजिनांचे विमान वायुदलाच्या पसंतीस उतरले, परंतु चार इंजिनांच्या रशियन इल्युशिनपेक्षा त्याची किंमत अधिक होती. अर्थ मंत्रालयाने हरकत घेतली आणि २०१० च्या आरंभी ती निविदा रद्द झाली. दुसऱ्या निविदेत केवळ खरेदीची किंमत न पाहता विमानाच्या संपूर्ण आयुष्यातील इंधन, देखभाल आणि सुटे भाग यांचा खर्च धरण्यात आला. तो धरताच चित्र पालटले. जे विमान महाग म्हणून नाकारले गेले होते, तेच आयुष्यभराच्या हिशेबात स्वस्त ठरले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याची निवड झाली. प्रवासी वाहतुकीसाठी जगभर उडणारे विमान ते. त्याचे सुटे भाग आणि तंत्रज्ञ कोठेही मिळतात. परंतु त्याही निवडीचे पर्यवसान करारात झाले नाही. किमतीवर चर्चा लांबत गेली आणि २०१६ मध्ये दुसरी निविदाही गुंडाळण्यात आली. पुढे मार्च २०२५ मध्ये वैमानिकांना हवेत इंधन घेण्याचा सराव मिळावा म्हणून भारताने एका परदेशी खासगी कंपनीशी करार करून केसी-१३५ जातीचे एक टँकर विमान कर्मचाऱ्यांसह भाड्याने घेण्याचे ठरविले. विकत घेणे महाग म्हणून टाळलेल्या राष्ट्रावर भाडे भरण्याची पाळी आली.

मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ साधी दुचाकी घ्यायला निघाला तरी दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर थांबत नाही. ती ॲव्हरेज किती देते, सर्व्हिसिंग गावात होते की नाही, सुटे भाग सहज मिळतात का, पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल, हे चार ठिकाणी विचारल्याशिवाय तो पैसे मोजत नाही. या शहाणपणालाच अर्थशास्त्राच्या परिभाषेत ‘लाइफ सायकल कॉस्ट’ म्हणतात. आपण त्यास जीवनचक्र खर्च म्हणू. साधन ताफ्यात आल्यापासून निकाली निघेपर्यंत त्याच्यावर होणारा एकूण खर्च, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या लेखापरीक्षकांचा अनुभव असा की, शस्त्रप्रणालीच्या एकूण खर्चापैकी सुमारे ७० टक्के वाटा ती चालविण्याचा आणि सांभाळण्याचा असतो. म्हणजे करारावर स्वाक्षऱ्या होतात आणि वृत्तपत्रांत मोठाले आकडे झळकतात, तेव्हा पहिला हप्ताच काय तो ठरलेला असतो.

आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षे राज्य केले ते ‘एल-वन’ने. तांत्रिक कसोटीस उतरलेल्या कंपन्यांपैकी जिची बोली सर्वांत कमी, तिला कंत्राट, असा हा नियम. त्याची थट्टा करणे सोपे आहे, परंतु तो मूर्खपणातून जन्मलेला नाही. १९८० च्या दशकातील बोफोर्स प्रकरणाने दिल्लीतील प्रत्येक सचिवाच्या मनात एक भीती कायमची घर करून बसली. सर्वांत कमी किमतीचा माल घेतला तर उद्या कोणी जाब विचारणार नाही. थोडा अधिक पैसा देऊन अधिक टिकाऊ माल घेतला, तर दहा वर्षांनी, निवृत्तीनंतरही, चौकशीचे शुक्लकाष्ठ मागे लागू शकते. दाखवायला सोपा असा एकच आकडा अधिकाऱ्याला तारतो. देशाला तो तारतो की नाही, हा वेगळा प्रश्न.

गोव्याच्या दाबोळी येथील नौदलाच्या ‘हंसा’ तळाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘ॲडमिरल गोर्शकोव्ह’ ही जुनी विमानवाहू नौका रशियाने जवळजवळ भेट म्हणून देऊ केली होती. पैसे फक्त तिच्या नूतनीकरणाचे आणि सोबतच्या विमानांचे. नूतनीकरणाचा २००४ चा करार ९७.४ कोटी डॉलरचा होता. २०१० मध्ये तो आकडा २३५ कोटी डॉलरवर गेला आणि ‘विक्रमादित्य’ या नावाने ती नौका नोव्हेंबर २०१३ मध्ये नौदलात दाखल झाली. फुकट मिळालेली जुनी नौका नव्या नौकेपेक्षाही महाग पडत असल्याचा ताशेरा कॅगने २००९ मध्येच ओढला होता. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी शोकांतिका तिच्या विमानांची आहे. तिच्यासाठी घेतलेल्या मिग-२९ के विमानांविषयी कॅगने २०१६ मध्ये जे नोंदविले, ते वाचताना कोणाचेही मन विषण्ण व्हावे. एक आसनी विमानांची सज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के एवढीच होती. मिळालेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने रचनेतील दोषांमुळे काढून घ्यावी लागली होती. शंभर रुपये देऊन तीसचाळीस रुपयांचाही माल हाती येत नसेल, तर बोलीत वाचविलेले पाच रुपये कोणाच्या कामाचे?

नाशिकजवळच्या ओझरचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. सुखोई-३० हे विमान उत्तमच, याविषयी वाद नाही. पहिला खरेदी करार नोव्हेंबर १९९६ चा. पुढे २००० मध्ये १४० विमाने परवान्याखाली भारतात बनविण्याचा करार झाला आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या ओझर येथील कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. मात्र अपेक्षित ७५ टक्क्यांऐवजी ५५ ते ६० टक्केच विमाने सज्ज असल्याचे कॅगने २०१५ मध्ये दाखवून दिले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर हे मुंबई आय. आय. टी. चे धातुशास्त्राचे अभियंते. नव्या विमानांच्या घोषणा करण्याऐवजी आहेत त्या सुखोईंपैकी रोज किती उडू शकतात, या रूक्ष प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरविला, कारण सुटा भाग वेळेवर मिळाला नाही की सर्वोत्तम विमानही हँगरमधले शोभेचे झुंबर होते, हे त्यांच्यातील अभियंत्याने ओळखले होते. सुखोईच्या सुट्या भागांसाठी आणि तांत्रिक साहाय्यासाठी रशियन कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार झाले ते मार्च २०१७ मध्ये. पहिल्या खरेदीनंतर वीस वर्षांनी! लग्नात वऱ्हाडाला पंचपक्वान्ने वाढायची आणि घरात पीठ आहे की नाही हे वीस वर्षांनी पाहायचे, असाच हा प्रकार.

विमानाचे आयुष्य दीर्घ असले तरी त्याच्या इंजिनाचे तेवढे नसते, हेही सामान्य वाचकाला सहसा सांगितले जात नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईसाठी २४० नवी इंजिने घेण्याचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी झाला. रक्कम २६ हजार कोटी रुपयांहून अधिक. नवे विमान एकही नाही, केवळ आहेत ती उडती ठेवण्यासाठी हा पैसा. यात गैर काहीच नाही. १९९६ मध्ये कोणी कागद-पेन्सिल घेऊन बसला असता तर हा खर्च येणार हे त्याला दिसले असते, एवढाच मुद्दा आहे. मिराज-२००० चेही तसेच. कारगिल युद्धात या विमानांनी टायगर हिलवर केलेली कामगिरी सर्वज्ञात आहे. २०११ मध्ये त्यांच्या आधुनिकीकरणाचा करार झाला, तेव्हा एका विमानामागे सुमारे १६७ कोटी रुपये लागणार होते आणि २००० साली त्याच जातीचे अख्खे विमान १३३ कोटींना घेतले होते, असे सरकारनेच संसदेत सांगितले. रुपयाचे अवमूल्यन आणि बदललेले तंत्रज्ञान ध्यानात घेतले तरी हा आकडा विचार करायला लावणारा आहे.

येथे आपल्या परंपरेतील एका ग्रंथाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र वाचताना दुर्ग आणि आरमार या प्रकरणांपाशी थबकावे लागते. किल्ला बांधावा, तारवे बांधावीत, एवढ्यावर अमात्य थांबत नाहीत. कोठी, दारूगोळा, पाण्याची टाकी, पडझडीची डागडुजी, आरमारासाठी लागणारे लाकूड आणि ते रयतेस न दुखविता कसे मिळवावे, या सगळ्याची तजवीज ते सांगतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आरमाराचा वेतनखर्च मुलखाच्या निश्चित उत्पन्नातून नेमून द्यावा, बंदरांतील अनिश्चित जकातीवर सोडू नये, कारण तसे केल्यास सावकार नागवला जाऊन व्यापारच बुडेल, अशी त्यांची भूमिका आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या या अमात्याला जहाज बांधण्याच्या खर्चाइतकीच ते दरसाल सांभाळण्याच्या खर्चाची चिंता होती. आपल्या विद्यमान अंदाजपत्रकाच्या रचनेत मात्र हे दोन खर्च एकमेकांना ओळखतही नाहीत. विमान भांडवली लेखाशीर्षातून घेतले जाते. त्याचे इंधन, सुटे भाग, दुरुस्ती महसुली लेखाशीर्षातून. दोन खाती, दोन टेबले. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ठेवलेल्या ६ लाख ८१ हजार कोटींपैकी भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी होते आणि निवृत्तिवेतनासाठीच सुमारे १ लाख ६१ हजार कोटी. पैशाची ओढाताण झाली की पहिली कात्री सुट्या भागांच्या साठ्याला लागते, कारण त्याचे फोटो वृत्तपत्रात येत नाहीत.

बोफोर्स तोफेची गोष्ट तर या अनास्थेचा कळसाध्याय आहे. १९८६ मध्ये ४१० तोफा सुमारे १,४३७ कोटी रुपयांना घेतल्या. दलाली कोणी खाल्ली यावर देशाने तीन तपे चर्चा केली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच करारान्वये तोफ भारतात बनविण्याचे तंत्रज्ञान मिळाले होते, त्याची रेखाचित्रे आपल्याजवळ होती, याकडे कोणाचे लक्ष गेले? कंपनी काळ्या यादीत गेली, सुट्या भागांचा ओघ आटला आणि काही तोफांचे भाग काढून दुसऱ्या तोफा चालत्या ठेवण्याची वेळ तोफखान्यावर आली. कारगिलच्या शिखरांवर याच तोफांनी शत्रूचे कंबरडे मोडले, ते जवानांच्या कौशल्यामुळे. त्या रेखाचित्रांवरून विकसित केलेली ‘धनुष’ तोफ लष्कराच्या हाती पडायला २०१९ उजाडले. दरम्यान धडा शिकलो म्हणावे, तर माझगाव गोदीत बांधलेल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांकडे पाहावे. ज्या इटालियन पाणतीरांची त्यांच्यासाठी निवड झाली होती, त्यांची कंपनी हेलिकॉप्टर प्रकरणात सापडलेल्या उद्योगसमूहातील निघाली; २०१६ मध्ये तो व्यवहार रद्द झाला आणि नवी कोरी ‘कलवरी’ जुन्या पाणतीरांसह समुद्रात उतरली. दोषी कंपनीला शिक्षा व्हावीच. परंतु पर्याय हाती नसताना दिलेली शिक्षा भोगतो तो शेवटी सैनिकच.

मग जीवनचक्र खर्चाचा निकष लावला की सारे सुरळीत होते काय? तसे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. १२६ लढाऊ विमानांची २००७ ची प्रचंड निविदा ही या निकषाची सर्वांत मोठी परीक्षा होती. सहा कंपन्यांतून दोन उरल्या आणि ३१ जानेवारी २०१२ रोजी फ्रान्सचे राफाल हे आयुष्यभराच्या हिशेबात स्वस्त ठरल्याचे जाहीर झाले. हा हिशेब नेमका मांडला कसा, यावर लगेच तक्रारी सुरू झाल्या. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१४ मध्ये तक्रारींचा उल्लेख करीत निर्णय पुढे ढकलला. मार्च २०१५ मध्ये मंत्रालयाच्या पथकाने निष्कर्ष काढला की, राफालची बोली मुळात सर्वांत कमी नव्हतीच आणि प्रतिस्पर्धी कंपनीची बोली अटींची पूर्तता करीत नव्हती. आठ वर्षांची मेहनत कचऱ्याच्या टोपलीत गेली. १२६ ची निविदा मागे घेतली गेली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार दोन सरकारांमध्ये झाला.

असे का झाले? या घोळाच्या मुळाशी एक क्षुल्लक वाटणारा आकडा होता. भारतात बनवायच्या १०८ विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला फ्रेंच कारखान्याच्या २.७ पट मनुष्य-तास लागतील, असा अंदाज होता. तो गुणक हिशेबात धरायचा की नाही, याने सारे गणित उलटेपालटे होत होते. स्वदेशीच्या अभिमान्यांनी या आकड्याकडे डोळेझाक करू नये. परदेशी नकाशावरून, परदेशी सुटे भाग जोडून, परवान्याखाली केलेली बांधणी म्हणजे स्वदेशी नव्हे. पुष्कळदा ती आयातीपेक्षा महाग पडते आणि देखभालीची किल्ली परक्याच्याच कनवटीला राहते. विमान आपण कल्पिले, आपण घडविले, त्यात कोणता भाग किती तासांनी झिजतो हे आपल्या वहीत लिहिलेले आहे, तरच पुढल्या चाळीस वर्षांचा खर्च आपल्या ताब्यात येतो. ‘तेजस’चे महत्त्व यासाठी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओझरच्या नव्या उत्पादन साखळीतून तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले, ही आनंदाची घटना खरीच. पण २०२१ मध्ये मागविलेल्या ८३ तेजसचा पुरवठा मार्च २०२४ मध्ये सुरू व्हायचा होता आणि तो ज्या कारणांनी रखडला, त्यांतील एक प्रमुख कारण अमेरिकेहून यायची इंजिने होती. इंजिन परक्याचे असेपर्यंत चाऱ्याचा भाव परकाच ठरविणार.

आयुष्यभराच्या खर्चाचे गणित मांडायचे तर आपल्याजवळ आपलीच आकडेवारी हवी. एखादे विमान दर उड्डाण-तासाला किती इंधन खाते, कोणते बेअरिंग केव्हा निकामी होते, पंजाबच्या उन्हाळ्यात आणि कोकणच्या खाऱ्या हवेत त्यात काय फरक पडतो, याच्या नोंदी प्रत्येक तळावर, प्रत्येक कार्यशाळेत वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. त्या एकत्र करून, किमतीशी जोडून, पुढच्या खरेदीच्या टेबलावर ठेवणारी स्थायी यंत्रणा उभी करण्यात आपण कमी पडलो. परिणामी विक्रेता आपल्याच विमानाच्या देखभालीचे आकडे आपल्याला देतो आणि आपण त्यांवरून त्याची बोली तपासतो. सोनाराकडूनच कसोटीचा दगड मागून घेण्याजोगा हा प्रकार. विक्रेत्याच्या कागदावर उभी असलेली निवड पहिल्या तक्रारीच्या वाऱ्यातच कोलमडली, यात नवल ते काय?

हे सारे केवळ रुपयांचे गणित असते, तर एवढा उहापोह करण्याची गरज नव्हती. २०१२ मध्ये अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार भारताने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली गेली आणि त्यांत १७१ वैमानिकांनी प्राण दिले. या सर्व अपघातांचे खापर एकाच कारणावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु नव्या वैमानिकांसाठी प्रगत प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस एअर मार्शल ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली होती आणि ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ मध्ये. मधली बावीस वर्षे कोवळी मुले साध्या प्रशिक्षण विमानावरून उतरून थेट अवघड मिग-२१ वर चढत राहिली. प्रशिक्षण हाही विमानाच्या आयुष्यखर्चाचाच भाग आहे. तो वाचविल्याची नोंद अंदाजपत्रकात झाली. त्याची खरी किंमत पुण्या-मुंबईपासून पंजाबपर्यंतच्या घरांतील भिंतींवर, हार घातलेल्या तसबिरींत आहे. १९६३ मध्ये आलेले मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये चंडीगडला निवृत्त झाले. बासष्ट वर्षे! ज्या यंत्राचा आयुष्यखर्च मांडायचा, त्याचे आयुष्य किती हेच ठरविलेले नसेल, तर गणित तरी कोणते मांडणार?

बदलाची चिन्हे नाहीत असे नाही. ३६ राफालच्या करारात पाच वर्षांपर्यंत किमान ७५ टक्के विमाने सज्ज ठेवण्याचे बंधन विक्रेत्यावर घालण्यात आले. संरक्षण खरेदीच्या २०२० च्या कार्यपद्धतीत देखभालीचे दीर्घ करार आणि कामगिरीवर आधारित मोबदला यांना स्थान मिळाले. दुरुस्तीला जितका उशीर तितका कंपनीचा तोटा, अशी ही व्यवस्था. आजवर उशिराचा तोटा फक्त वायुदलाचा होत असे. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफाल-एम विमानांचा सुमारे ६३ हजार कोटींचा करार झाला, त्यातही प्रशिक्षण, सिम्युलेटर आणि अशी कामगिरीबद्ध देखभाल समाविष्ट आहे. मिग-२९ के ने पोळलेल्या नौदलाने यावेळी ताक फुंकून प्यायचे ठरविलेले दिसते.

ही सर्व विमाने २०३० पर्यंत यावयाची आहेत. देखभालीचे असे करार पाच-सात वर्षांचे असतात आणि विमान तीस-चाळीस वर्षे उडते. करार संपला की विक्रेता पुन्हा समोर बसतो. त्यावेळी नौदलाच्या अधिकाऱ्याच्या हातात दाबोळीच्या खाऱ्या हवेत पाच पावसाळे काढलेल्या विमानाची स्वतःची नोंदवही असेल, की पुन्हा विक्रेत्यानेच आणलेला कागद, हे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने करार ताजा असतानाच, आतापासून दरवर्षी विचारावयास हवे.